काटा शंभरावर

वैजिनाथआप्पा जपाला बसलेत, असं उमाबाईंनी सांगितलं तेव्हा वस्तीवर कुणाला खरं वाटलं नाही. चौतीस वर्षं वायरमनकी केलेला माणूस. देवळात गेला तरी आधी वर वायरिंगकडे बघणार आणि मग खाली पिंडीकडे. असा माणूस सकाळी दहाला आतल्या खोलीत शिरतो, दार लोटून घेतो आणि चारपर्यंत बाहेर तोंड दाखवत नाही?

"अधिक महिना हाय न्हवं," असं म्हणून उमाबाई पदर सारखा करायच्या. पदर आधीच सारखा असायचा.

आप्पा जपाला नव्हते बसले. जावयासाठी बसले होते.

मागच्या उन्हाळ्यात जावई रुद्रेश पुण्याहून आला आणि दुसऱ्या दिवशी दुपारी त्यानं बॅग भरली. कूलर हलेना, मोबाईलला रेंज नाही, बोलायला सासऱ्याशिवाय कुणी नाही, आणि सासऱ्याचा विषय एकच, फ्यूज. नवरा उठला म्हटल्यावर वर्षाराणीही उठली. तेव्हापासून वर्षभर उमाबाईंनी नवऱ्याला ताट वाढताना एकच वाक्य वाढलं : "दोन दिवसांत गेली माजी पोरगी." आता धोंड्याचा महिना आला, जावयाला वाण द्यायचं निमित्त आलं, तेव्हा बाईंनी फर्मान काढलं. पोरगी आठ दिवस राहिली पाहिजे. जावई कसा गुंतवायचा ते तुमचं तुम्ही बघा.

जावयानं स्वतःच वाट दाखवली. कंपनीनं त्याला सहा महिने जपानला धाडलं होतं. तिथून त्यानं व्हिडिओ गेमचं एक जुनं मशीन आणलं होतं. त्याच्याच वयाचं, पिवळट पडलेलं, वर कॅसेट खोचायची खाच. ते घेऊनच तो आला.

"लहानपणी शेजारच्याकडे होतं असलं, मामा. मला हात लावू देत नव्हता," रुद्रेश म्हणाला. बोलताना त्याचा चेहरा दहा वर्षांच्या पोरासारखा झाला होता. आप्पांनी तो चेहरा बघितला आणि मनात म्हटलं, गावला.

पण मशीन चालू होईना. जपानात घरात शंभर व्होल्टच येतात, म्हणून रुद्रेशनं पुण्याहून एक जड डबा विकत आणला होता. दोनशे तीसचे शंभर करणारा. पुण्यात छान चालायचा. इथं लाल दिवासुद्धा लागेना. रुद्रेशनं कॅसेट काढून फुंकली, पुन्हा घातली, पुन्हा फुंकली. मग त्याची नजर बॅगेकडे गेली. ती नजर उमाबाईंनी स्वयंपाकघरातून टिपली.

आप्पांनी मीटर लावून बघितलं आणि हसले. "जावईबापू, तुमच्या डब्याचा दोष न्हाई. वस्ती शेताच्या डीपीवर हाय, मोटरींच्याच ट्रान्सफॉर्मरवर. उसाच्या मोटरी चालू असल्या की घरात येतात एकशेचाळीस. डब्यानं त्याचे केले साठ. साठावर कोण चालंल?"

"मग मोटरी बंद झाल्यावर खेळू."

"बंद झाल्या की पावणेतीनशे येतात. मशीनचा धूर निघंल."

"म्हणजे इथं चालणारच नाही?"

स्वयंपाकघरात भांडं आपटलं. त्या आवाजानं आप्पांच्या तोंडून निघून गेलं, "न्हाई कावून? मी पक्की फिटिंग करून देतो. तुमी बसा."

परळीच्या एका कॉलेजच्या भंगारातून त्यांनी कधीकाळी एक डिमरस्टॅट आणला होता. तांब्याच्या तारेचं जाडजूड वेटोळं, वर मूठ. मूठ फिरवली की व्होल्टेज कमीजास्त. तो आतल्या खोलीत मांडला. तिथून वायर भिंतीतल्या भोकातून बाहेर मशीनला दिली. शेजारी काट्याचा मीटर ठेवला आणि शंभराच्या आकड्यावर काचेला कुंकवाचं बोट लावलं. मूठ फिरवली, काटा कुंकवावर आला, बाहेर लाल दिवा लागला. टीव्हीवर चित्र आलं ते काळंपांढरं आणि गिरकी घेणारं. ते आप्पांनीच रिमोटनं टीव्हीच्या सेटिंगमध्ये खोलात जाऊन, इथलं 'पॅल' लिहिलं होतं तिथं जपानचं 'एनटीएससी' करून थांबवलं. रंग आले. रुद्रेशनं सासऱ्याच्या पायाला हात लावला.

आणि तिथंच आप्पा अडकले.

कारण वस्तीवरचं व्होल्टेज एका जागी पाच मिनिटं बसत नाही. काटा नव्वदच्या खाली गेला की खेळ पहिल्यापासून. एकशेदहाच्या वर गेला की मशीन गेलं, त्यामागोमाग जावई गेला आणि त्याच्यामागं पोरगी गेली. मूठ सोडायची सोयच नव्हती. आणि पक्की फिटिंग सांगितल्यावर आत माणूस बसलाय हे सांगणार कोणत्या तोंडानं? म्हणून जप.

पहिले दोन दिवस मजेत गेले. काटा म्हणजे सगळ्या वस्तीची चुगली होती. काटा पंधरानं पडला, अंगदची मोटर. थरथरत पडला, भिवराबाईची गिरणी. बरोबर बाराला कुठलाही आवाज न होता दहानं पडला, सटवाच्या घरची शेगडी, आणि तीसुद्धा तारेवर टाकलेल्या आकड्यावर. "खा लेका, फुकटचं खा," आप्पा पुटपुटायचे आणि मूठ वर सरकवायचे.

तिसऱ्या दिवशी खांदा धरला. चौथ्या दिवशी नाकाला खाज सुटली आणि ती तशीच सहन करावी लागली. उमाबाई दाराच्या फटीतून येऊन नवऱ्याच्या तोंडात पुरणाच्या धोंड्याचा तुकडा कोंबायच्या. लग्नात भरवले नव्हते इतके घास त्यांनी त्या चार दिवसांत भरवले.

"आगं, लघवीला तरी जाऊ दे."

"जावईबापू जेवाया उठंस्तवर दम धरा."

चौथ्या दिवशीच अंगदनं खिडकीतून डोकावून सगळं बघितलं. अंगद म्हणजे वस्तीवरची लई पोचलेली असामी. दुसऱ्या दिवशी सकाळपासून त्याची मोटर चालू, बंद, चालू, बंद. आतल्या खोलीत आप्पा ताक घुसळल्यासारखे मूठ फिरवत होते.

"आप्पा, जप जोरात चाललाय जनू!" अंगद खिडकीबाहेरून म्हणाला.

"अंगद्या, तुज्या मोटरीची वायर कुठून जाती ते मला ठाव हाय बे," आप्पा दबक्या आवाजात म्हणाले. मोटर तेवढ्यापुरती शांत झाली.

त्याच दिवशी अकराच्या सुमारास दार उघडलं. आप्पांना वाटलं, घास आला. त्यांनी काट्यावरची नजर न काढता आ केला.

"आप्पा?"

वर्षाराणी होती. तिनं मूठ बघितली, मीटर बघितला, कुंकू बघितलं, बापाचा उघडा जबडा बघितला आणि शेजारी टेकली.

"पाच दिवस तुमी असे बसलाय?"

"हळू बोल. त्यांना ऐकू जाईल."

"आवो, ते परवाच कंटाळलेत. बोटं दुखायलीत म्हणतात. मला रात्री म्हणले, मामांनी एवढी खटपट केली, बंद कसं करू? त्यांना वाईट वाटंल. म्हणून खेळायलेत."

काटा तीननं चढला, त्यांनी तो खाली आणला. भिंतीपलीकडे गेमचा बाजा वाजत होता, टुइं टुइं करत, आणि त्यात रुद्रेशचा एक लांब सुस्कारा आला.

"मी सांगू का त्यांना?"

"अजाबात न्हाई."

"मग तुमी सांगा."

"सासऱ्यानं जावयाला म्हणायचं, खेळ बंद करा? आन् बंद केल्यावर काय करत्याल ते? बॅग भरत्याल."

वर्षाराणीला ते पटलं. नवरा तिचाच होता.

"तीन दिवस हायत अजून," आप्पा म्हणाले. "तुज्या आईला आठ कबूल केलेत."

"आईला कबूल केलेत. आन् तुमाला मी नगं का? मी आल्यापासून तुमी माज्याशी चार शब्द तरी बोललाव का?"

आप्पांनी आठवून बघितलं. आल्या दिवशी 'कधी निघालतीस' एवढं विचारलं होतं. नंतर ती आईबरोबर चुलीपाशी आणि हे इथं.

वर्षाराणी उठून बाहेर गेली. आता जाऊन सगळं सांगते की काय, म्हणून आप्पांनी कान टवकारले. पण ती दार लोटून परत आली. हातात शेंगांचं सूप होतं. बापाच्या पाठीला पाठ लावून ती फरशीवर बसली आणि शेंगा फोडायला लागली.

"आईला सांगितलं, मीबी जपाला बसते."

"बोल," आप्पा म्हणाले. त्यांची नजर कुंकवावर होती. "माजे कान मोकळे हायत."

"कुठून सुरू करू?"

"पुण्यात तुज्या घरात मीटर कुठं बसवलाय तिथून."

ती हसली आणि सांगायला लागली. बाराला सटवाची शेगडी पेटली, काटा पडला. आप्पांनी मूठ वर सरकवली आणि म्हणाले, "हां, मग?"