पियानोची पूजा

भर शहरातल्या आमच्या घरी बायकोच्या माहेरचा पियानो आहे. दर दसऱ्याला मी त्याला हळदकुंकू, अक्षता वाहतो. वाजवत कुणी नाही. यंदा नवे व्याही येणार म्हणून सूर जुळवणारे एक म्हातारे गृहस्थ बोलावले. त्यांनी पट्ट्या उचलल्या आणि खालचे तांदूळ अन् लेंड्या अदबीनं कागदावर ठेवून मला दाखवल्या.

"साहेब, याच्यावर सगळ्यात जास्त रियाज उंदरांनी केलाय. घरात वाजवतं कोण?"

चहा ठेवत बायको म्हणाली, "मी वाजवायचे. यांना आवाजाचा त्रास होतो."

त्यांनी स्टूल पुसून तिच्याकडे सरकवलं.

खरं सांगतो, आवाजाचा त्रास कधीच नव्हता. पाहुणे माझं बोलणं सोडून तिचं ऐकत बसायचे, ते मला सोसत नव्हतं.