दुखवट्याला आलेला माणूस

मेल्या घरी कोणी भेटायला आला तर तू कोण, कुठचा, असं आमच्याकडे विचारत नाहीत. तो येतो, पडवीत बसतो, थोडा वेळ खाली बघतो. मग घरातल्याने आपण होऊन सांगायचं, कधीपासून दुखत होतं, डॉक्टर काय म्हणाले, शेवटी तोंडात काय गेलं. आलेल्याने ऐकायचं. ऐकून झालं की उठायचं आणि सरळ चालायला लागायचं. जाताना "येतो" म्हणायचं नाही. असल्या कामाला परत कोणी येऊ नये म्हणून.

माझी बायको गेली तेव्हा ही गोष्ट मी किती जणांना सांगितली त्याला मोजदाद नाही. अख्खं मसुरे येऊन गेलं, तिच्या माहेरचे आले, काजू विकत घेणारा व्यापारी आला. सांगून सांगून ती माझ्या तोंडात देवळातल्या गाऱ्हाण्यासारखी बसली. सांगताना रडूही येईनासं झालं.

अजून सुतक फिटायचं होतं तेव्हाची गोष्ट. दुपारी एक माणूस मोटारसायकलवरून आला. इस्त्रीचा सदरा, खांद्याला बॅग. चप्पल काढली, बसला, खाली बघितलं. सगळं रीतसर. मुलगा तेव्हा भटजींकडे गेला होता. मला वाटलं, मुलाच्या ओळखीतला असेल कोणीतरी.

एवढ्यात तो म्हणाला, "जरा पाणी मिळेल का?"

सुतकाच्या घरचं पाणी बाहेरचा माणूस घेत नाही. माझी भावजय दाराआड होती, तिने माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, दे, शहरातला असेल, त्याला काय ठाऊक. बायको असती तर तिने पाण्याआधी विचारलं असतं, "तुमी कोणाचे?" आमच्या घरात विचारायचं काम तिचं. चार यत्ता मी शिकलो आणि ती तीन, पण दारात आलेल्या माणसाला उभं-आडवं ओळखायचं ते तिनेच. मी नुसती मान हलवायची.

तर मी गोष्ट सुरू केली. पोटात दुखायला लागलं, आम्ही पित्त म्हणून ओवा देत राहिलो, मग गोव्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथे त्यांनी उघडून बघितलं आणि तसंच शिवून टाकलं. घरी आणली. शेवटी पेजेचं पाणी चमच्याने. तो माणूस चांगला ऐकत होता. इतका चांगला ऐकणारा त्या दिवसांत दुसरा आला नव्हता. मध्येच त्याने विचारलं, "मुलगा जवळ होता का शेवटी?"

आता असं विचारल्यावर बाप काय सांगणार? मी छाती काढून सांगितलं, "होता म्हणजे? नोकरी सोडून इलो. आईचा सगळा तेणाच केला. न्हाऊक घालूक, उचलूक, सगळा. आमच्या गावात असो झील दुसरो दाखवा."

"सोडून आला? रजेवर नव्हता?"

"रजा कसली? तेंनी चार दिस दिल्यानी. ह्यो म्हणालो, खड्ड्यात गेली तुमची नोकरी."

हे शेवटचं मुलगा म्हणाला नव्हता. मी माझ्या पदरचं घातलं. गोष्टीला जरा बरं दिसतं म्हणून.

त्या माणसाने "वाईट झालं" म्हटलं आणि बॅग उघडली.

मुलाचं थोडं सांगायला हवं. तो आधी मालवणात टेम्पो चालवायचा. बांद्याजवळ एक कंपनी आहे, तिच्या बसगाड्या आपल्या भागातली माणसं गोव्याच्या कारखान्यांत कामाला नेतात आणि आणतात. त्या कंपनीने याला घेतला, मोठ्या गाडीचं लायसन काढून दिलं, दीडेक महिना शिकवलं. बदल्यात दोन वर्षं सोडायचं नाही असं लिहून घेतलं. मुलगा एक कागद घेऊन आला होता, बाबानू हय सही करा. मी केली. शाळेत बापाची सही मागतात तसंच काहीतरी असेल असं मला वाटलं. आठ-नऊ महिने नोकरी झाली आणि आईचं पोट दुखायला लागलं.

आता त्या कंपनीचा हा माणूस माझ्या सहीचा तोच कागद दाखवून, माझ्याच पडवीत बसून मला सांगत होता की तुम्ही जामीनदार आहात. तुमचा मुलगा मुदतीआधी स्वतःहून नोकरी सोडून गेला, हे तुम्ही आत्ता सांगितलंत. म्हणजे शिकवण्याचा खर्च परत द्यावा लागेल. सव्वा लाखाच्या वरचा आकडा होता. तो शांतपणे बोलत होता. ऐकत होता तेव्हाही तसाच होता.

मी म्हटलं, "तुमी भेटूक नाय इलास?"

"भेटायलाच आलो ना काका."

मग तो उठला, चप्पल घातली, आणि म्हणाला, "येतो मी. पैशांचं काही झालं नाही तर पुढच्या आठवड्यात परत येतो."

तो पैशांचा आकडा मला तेव्हा नीट कळलाच नव्हता. पण हे "येतो" मात्र कानशिलात बसावं तसं लागलं. भावजय आतून बाहेरच आली. "येतंय म्हणालो मेलो? सुतकात?" तिने अंगणात, त्याच्या गाडीची चाकं फिरली तिथे, तांब्याभर पाणी ओतलं. म्हणाली, "आणि तुमी भावजी तेच्यासमोर अख्खी कथा लावलास. दशावतारी नाटकात तरी इतकी लांब नसता."

मुलगा संध्याकाळी आला. त्याला सांगितलं. तो खांबाला टेकून उभा राहिला.

"सोडलंय म्हणान तेका कोणी सांगला?"

"मीच."

"बाबानू, मी सोडूक नव्हतंय. राजीनामो दिलोच नाय. बिनपगारी रजा घालतंय असा फोनार सांगललंय. तेंचा चल्लला, होय-नाय, होय-नाय. जरा थांबले असते."

"माका काय म्हायत? माका वाटला, तुझी वाखाणणी करतंय."

तो हसला. मुंडण केलेल्या डोक्यावरून हात फिरवला. रागावला असता तर बरं झालं असतं. मग त्याने बाकीचं सांगितलं. प्रवासी गाडी चालवणाऱ्याला सरकारी बिल्ला लागतो, त्याचा बिल्ला आणि दहावीचा दाखला कंपनीच्या कपाटात आहे. तोंडवलीला एका हॉटेलवाल्याने त्याला बोलावलं होतं, पर्यटकांची गाडी चालवायला. रात्री घरी येता आलं असतं. पण तो म्हणतो, बिल्ला घेऊन ये, मग बघू.

म्हणजे असं होतं. पैसे दिले तर मुलगा घरात. नाही दिले तर राहिलेले पंधरा-सोळा महिने बांद्याला, कंपनीच्या खोलीत, आणि घरात मी एकटा. बायको जाऊन पंधरवडा झाला नव्हता.

तेरावं उरकून आम्ही दोघे बांद्याला गेलो. मी भांडायचं ठरवून गेलो होतो. वाटेत मनात सगळी वाक्यं जुळवली होती.

कचेरीत तोच माणूस टेबलामागे बसला होता. आम्हाला बघून उठला, खुर्ची दिली. बाजूच्या बाकावर कंपनीचा एक जुना ड्रायव्हर चहा पीत होता, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान असेल. मुलगा त्याला "मामा" म्हणाला, आणि तो मुलाचं डोकं बघून कप खाली ठेवून उभाच राहिला.

मी विचारलं, "शिकवलास म्हणजे काय शिकवलास? तेका गाडी येय होती."

टेबलामागच्याने वाचून दाखवलं. लायसनचा खर्च. राहण्याचा खर्च. आणि सगळ्यात मोठा आकडा, अनुभवी चालकाकडून प्रत्यक्ष मार्गदर्शन, रोजचे इतके. मी विचारलं, हा अनुभवी चालक कोण? मुलाने बाकाकडे बघितलं.

जुना ड्रायव्हर म्हणाला, "मी?"

"तुमीच शिकवलास मा हेका?"

"शिकवलंय कसला? बाजूक बसान तमाखू खाय होतंय. गाडी ह्योच चलवी. पॅसेंजर भरलले असायचे. एकदा कायतरी बोललंय आसन, घाटात ब्रेकार पाय ठेवन बसा नको म्हणान."

"तेचे तुमका किती मेळले?"

"माका कित्याक मेळतले? माझो पगार माका." तो टेबलाकडे वळला. "सायबानू, माझ्या नावार लावलास?"

"ती कंपनीची पद्धत आहे," टेबलामागचा म्हणाला. त्याचा चेहरा जराही बदलला नाही. त्याला त्यात काही वाटण्यासारखं दिसतच नव्हतं, आणि मला वाटतं सगळ्यात जास्त मी त्यालाच घाबरलो.

जुना ड्रायव्हर मुलाला म्हणाला, "माका म्हायत नाय रे. देवाशपथ." चहा अर्धा टाकून तो बाहेर गेला.

मला नांगर धरायला माझ्या काकाने शिकवलं. पहिल्या पावसाळ्यात मी त्याच्या बैलाच्या पायाला फाळ लावला, तेव्हा एक सणसणीत मुस्काटात मिळाली. तेवढीच काय ती शिकवणी. शिकलेला माणूस सोडून गेला तर शिकवलेलं परत मागता येतं, हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. परत देणार कसं? मुलाच्या हातातून ते काढून घेणार का?

हे सगळं मला तिथे बोलायचं होतं. पण टेबलामागचा माणूस माझ्याशी बोलतच नव्हता. तो मुलाला म्हणत होता, "तुम्ही मुदत पूर्ण केलीत तर एक रुपया नको. मधले दिवस मी बिनपगारी दाखवतो. तुमच्या घरचं मी स्वतः बघून आलोय."

मुलगा माझ्याकडे न बघता म्हणाला, "करतंय. रवलला पुरा करतंय."

"आजपासून येता का? कुडाळच्या फेरीला माणूस नाही."

"येतंय."

"टोपी घाला फक्त. पॅसेंजर विचारत बसतात."

एवढंच. भांडण झालंच नाही. मुलगा गणवेश घालायला आत गेला. मी उठलो, आणि माझ्या तोंडातून काय निघालं असेल? "उपकार झाले." जन्मभर तलाठ्याला, डॉक्टरला, सोसायटीच्या क्लार्कला म्हणत आलो, तसंच निघालं. तो म्हणाला, "असू दे काका." मी बाहेर येऊन भिंतीला हात लावून उभा राहिलो. आपलं तोंड आपलंच आहे ना, असं वाटायला लागलं.

मुलगा टोपी घालून आला. कुडाळपर्यंत त्याच्याच गाडीतून जावं असं माझ्या मनात होतं, तिथून मसुऱ्याची एसटी मिळते. तो म्हणाला, "बाबानू, आमच्या गाडयेत भायरचो माणूस चलना नाय. कॅमेरो आसा." खिशातून पैसे काढून माझ्या हातात कोंबले. "एसटीन जावा. घराक गेल्यार काकीकडे जेवा. रांधूक बसा नको."

"माका रांधूक येता."

"माका म्हायत आसा काय येता ता," तो म्हणाला आणि गेला.

मी हायवेच्या थांब्यावर जाऊन उभा राहिलो. ऊन होतं. थोड्या वेळाने मोठी गाडी येताना दिसली आणि मी सवयीने हात केला. जवळ आल्यावर कळलं, ती त्याची होती. कुडाळला माणसं घ्यायला रिकामी चालली होती, सगळ्या बाकांना पांढरे अभ्रे. गाडी हळू झाली. काचेतून त्याचा चेहरा दिसला, टोपी भुवयांपर्यंत ओढलेली. आता थांबला तर परत काहीतरी लागेल याच्या नावावर, असं माझ्या मनात आलं. मी तोच हात हलवला, जा पुढे, जा.

तो गेला.