रांझीचे वॉल्व्ह

जबलपूरला हिवाळ्यात मटार इतका येतो की संध्याकाळी टीव्हीसमोर बसलेल्या माणसाचे हात सहसा रिकामे नसतात. आमच्याकडेही बायको शेंगा सोलते आणि मी दाणे निवडतो. पिवळा दाणा बाजूला टाकताना मला दर वेळी तिचा भाऊ आठवतो. का, ते मी तिला कधी सांगितलं नव्हतं. या जानेवारीत सांगितलं, तेही त्याने लेथ विकायला काढल्याचं कळलं म्हणून.

माझा धंदा यंत्रांच्या पोटात बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरचा. शहरात ओमती भागात दुकानांच्या वर माझी एक खोली आहे. मेहुणा, म्हणजे बायकोचा थोरला भाऊ आणि म्हणून माझाही दादा, रांझी भागात टिनाच्या शेडमध्ये लेथ, म्हणजे धातू कातायचं यंत्र, चालवायचा. आम्ही दोघांनी मिळून मटार निवडायची यंत्रं बनवायला घेतली होती. दाणे तिरक्या पत्र्यावरून घसरत येतात. खाली पडता पडता कॅमेरा त्यांना पाहतो, आणि पिवळा किंवा फुटका दाणा दिसला की हवेचा बारीक झोत त्याला बाजूला उडवतो. पाहायचं काम माझं, फुंकायचं दादाचं. झोत सोडणारे वॉल्व्ह तो स्वतः पितळेतून काढायचा.

पहिल्या यंत्रातला प्रोसेसर आधी पाहायचा, मग ठरवायचा, मग वॉल्व्हला हुकूम द्यायचा. सावकाश, पण एकामागून एक. मग शहराबाहेर मटार गोठवणारे एक कारखानदार आले. त्यांना वेग हवा होता, आणि धावणारे मटार स्क्रीनवर दिसायला हवे होते. मी म्हटलं, दोन कोरचा प्रोसेसर घेऊ. एकाच चिपमध्ये दोन डोकी. एक मटार पाहील, दुसरं चित्र दाखवील.

"घरात एक डोकं चालवता येत नाही जवाईबापू, अन् तिथं दोन चालवून राहिले," दादा म्हणाला. "पहिलं तर बरोबर चालू आहे. दुसरं काहून पाहिजे?"

"जमाना आता त्याचाच आहे दादा."

"मंग चलो. फुंकायचं काम तर आपल्यालेच करायचं आहे."

डोकी दोन झाली, पण त्यांची मेमरी एकच राहिली. हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि त्याचा त्रास होईल असं वाटणं यात अंतर असतं. माझ्या टेबलावर सगळं झकास चाललं, कारण चाचणी घेताना मी स्क्रीनवर सेटिंगचं पान उघडं ठेवायचो. मला कामच तिथे असायचं. कारखान्यातले ऑपरेटर मात्र थेट चित्राचं पान लावून बसायचे. दिवसभर. त्यांचा तो टीव्हीच होता. ते चित्र ओढताना दुसरं डोकं मेमरीचा रस्ता अडवायचं आणि पहिल्याला पापणी लवायच्या आत संपेल एवढा वेळ थांबावं लागायचं. पडणारा मटार थांबत नाही. झोत उशिरा सुटायचा, पिवळा दाणा निसटायचा आणि त्याच्या मागचा बिचारा हिरवा उडायचा.

अशा कामात सगळ्यात अवघड काय असतं, तर हे. पहिलं डोकं तपासा, ते बरोबर असतं. दुसरं तपासा, तेही बरोबर. चूक दोघांच्या मधे असते, आणि ती कधीतरीच होते. त्यामुळे ती कुणाच्याही माथी मारता येते.

मालकाचा फोन आला म्हणून आम्ही दोघं कारखान्यात गेलो. मालक यंत्राजवळ उभे होते.

"भैया, ये क्या बनाया है? अच्छा मटर उड़ा रही है, खराब वाला पैकेट में जा रहा है. इससे तो हमारी औरतें हाथ से बढ़िया बीनती थीं!"

दादा पाना घेऊन यंत्राखाली सरकला. मी स्क्रीनपाशी गेलो आणि सवयीने सेटिंगचं पान उघडलं. खालचा कचऱ्याचा ट्रे माझ्यासमोरच होता. त्यात पडणारे हिरवे दाणे थांबले. मी परत थेट चित्र लावलं. हिरवे दाणे पुन्हा पडू लागले. आणखी एकदा करून पाहिलं. तेच.

मला तिथल्या तिथे कळलं.

तेवढ्यात खालून दादाचा आवाज आला, "माझाच वॉल्व्ह अडकून राहिला असन. उशिरा उघडते वाटते. नए बना के लाता हूँ, सेठजी."

मालकांनी माझ्याकडे पाहिलं. "वॉल्व ही है ना?"

मी म्हणालो, "देख लेते हैं."

एवढंच. खोटं असं मी काहीच बोललो नाही, आणि पुढची कित्येक वर्षं मी याच वाक्याच्या आडोशाला राहिलो. दोन कोरचा हट्ट माझा होता. दादाने टोकलं होतं, त्याच्यासमोर पडतं घ्यायला मन धजावलं नाही. मालक माझ्याकडून आणखी प्रोसेसरचे बोर्ड घेणार होते, तीही लालूच होती.

पुढच्या आठवड्यात दादा नवे वॉल्व्ह घेऊन आला. तो ते बसवत असताना मी शेजारी लॅपटॉप लावून स्क्रीनवरच्या चित्राचा वेग कमी करून टाकला, म्हणजे मेमरीचा रस्ता मोकळा राहील. मालकांना म्हणालो, जरा अपडेट करतो आहे. यंत्र सुरू झालं, एकही हिरवा दाणा उडाला नाही. सगळ्यांनी पाहिलं: नवे वॉल्व्ह चालले, म्हणजे जुने वाईट होते. मालक म्हणाले, पुढच्या यंत्रांना वॉल्व्ह बाहेरून मागवा. बोर्ड माझेच राहिले.

दादाने हवेचं काम सोडलं आणि गेट-ग्रिलकडे वळला. घरात मात्र ती गोष्ट राहिली. कुणाचं नामकरण असो की लग्न, बुद्धवंदना झाली, पंगत बसली की कुणीतरी म्हणायचंच, "दादा, जेवाले तरी टायमावर बस, वॉल्व्हसारखं नको करू!" दादा हसायचा. मीही हसायचो.

लेथ जवळच्या सिहोऱ्याचा एक माणूस रविवारी नेणार, असं बायकोकडून कळलं. शनिवारी दुपारी मी रांझीला गेलो. दादा लेथवरचं जुनं ग्रीस रॉकेलच्या फडक्याने पुसत होता. जय भीम झालं, स्टूल पुढे सरकवलं गेलं. मी बसलो नाही. उभ्यानेच सगळं सांगितलं: थेट चित्र, सेटिंगचं पान, लॅपटॉप.

त्याने फडकं ठेवलं नाही.

"म्हंजे माझा वॉल्व्ह टायमावर उघडत होता?"

"हो."

"अन् तुम्हाले माहीत होतं?"

"त्याच दिवसापासून."

तो लेथचा तोच दांडा पुन्हा पुसू लागला.

"ते जुने वॉल्व्ह मी घरी आणून एकेक कापून पाहिले जवाईबापू. आडवे, उभे. काहीच सापडलं नाही. मंग मले वाटलं, चूक आहे अन् आपल्याले दिसत नाही, तर आता आपल्या नजरेचा काय भरोसा? गेटाले चालते. सूतभर इकडेतिकडे झालं तरी गेट लागते."

यावर मी माफी मागितली. ती किती हलकी वाटली ते काय लिहू.

"लेथ राहू द्या दादा," मी म्हणालो. "त्या माणसाला मी नाही म्हणून सांगतो."

"जबान दिली आहे त्याले." मग फडक्याची घडी करत म्हणाला, "बहिणीले सांगितलं?"

"नाही."

"तिले सांगा. माझ्यासमोर बोलणं सोपं आहे."

खरंच होतं ते. संध्याकाळी शेंगा सोलता सोलता बायकोला सांगितलं. ऐकून झाल्यावर तिने टोपली खाली ठेवली.

"चूक तर कोणाची बी होते," ती म्हणाली. "पण माझ्या भावाले सगळे हसून राहिले होते, अन् तुम्ही त्यांच्यात बसून हसत होते. ते कसं केलं तुम्ही?"

तिने टीव्ही बंद केला आणि उरलेल्या शेंगा एकटीने सोलल्या.

रविवारी मी न बोलावता रांझीला गेलो. लेथखाली लोखंडी पाइप घालून ती इंचाइंचाने दाराकडे सरकवायची होती. मागून निघालेला पाइप उचलून पुढे घालायचं काम दादाने मला दिलं. "धीरे... धीरे... आता घाला." तो दुसरं काही बोलत नव्हता, पण ते माझ्याशीच बोलत होता.

टेम्पोपाशी सिहोऱ्याच्या माणसाने लेथवरून हात फिरवला. "मशीन तो एकदम बढ़िया रखी है आपने. क्या बनाते थे इस पे?"

हा प्रश्न दादाला पूर्वीही विचारलेला मी ऐकला आहे. "कुछ नहीं, छोटा-मोटा," असं म्हणून तो विषय बदलायचा.

या वेळी त्याने गमछ्याने हात पुसले.

"हवा के वॉल्व," तो म्हणाला. "मटर वाली मशीन के." मग माझ्याकडे न पाहता म्हणाला, "टाइम पे खुलते थे."

मी खाली वाकून मागचा पाइप उचलला आणि पुढे घातला.