बिनविरोध दिग्दर्शक

कलाकृतीचा न्याय करताना समीक्षकाने आपल्या सदसद्विवेकबुद्धीखेरीज आणखी कोणाचंही ऐकू नये. हे वाक्य माझंच आहे. आमच्या जिल्हा चित्रपट समीक्षक मंडळाच्या घटनेत ते पहिल्या पानावर होतं. दुसऱ्या पानावर आश्रयदात्यांची यादी होती आणि तिच्यात पहिलं नाव साखर कारखान्याच्या चेअरमनचं होतं.

मंडळात आम्ही तिघे होतो. मी नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी हायस्कुलात मराठी शिकवायचो आणि नगरच्या एका साप्ताहिकात सिनेमांवर लिहायचो. दुसरे राहात्याचे एक कंपाउंडर. रविवारी दवाखाना बंद झाला की ते एसटीने नगरला येत, लागोपाठ दोन खेळ बघत आणि जाताना स्टँडवर उभ्याउभ्या दोन्हींचं पोस्टमॉर्टेम करत. कॅमेरा कुठे ठेवला होता आणि कुठे ठेवायला हवा होता, हे ते चहाचा कप आणि बशी सरकवून दाखवत. तिसरे शेवगावचे निवृत्त अव्वल कारकून. त्यांना सिनेमाची फारशी आवड नव्हती. शेवटच्या एसटीआधी सिनेमा संपला, तर दिग्दर्शन चांगलं झालं असं ते म्हणत. पण सभेचं इतिवृत्त त्यांच्यासारखं कोणाला लिहिता येत नव्हतं, म्हणून ते अध्यक्ष होते.

बाहत्तरच्या दुष्काळाआधीची ही गोष्ट. वर्षाच्या सर्वोत्कृष्ट दिग्दर्शकाला पुरस्कार द्यायचा, असं आम्ही ठरवलं. नगरच्या टॉकिजमध्ये वर्षभरात लागलेल्या सिनेमांतून पाच दिग्दर्शक निवडले. नगरला सिनेमा पोचेपर्यंत मुंबईत तो विसरला गेलेला असायचा, पण आमचं वर्ष तो नगरला लागल्या दिवशी सुरू होत असे.

ढाल, मंडप, लाउडस्पीकर आणि जेवण यांसाठी मी चेअरमनकडे गेलो. ते आमच्या शिक्षणसंस्थेचेही अध्यक्ष होते. मी तीन वर्षं तात्पुरता शिक्षक होतो. तीस एप्रिलला मला कार्यमुक्त केल्याचा कागद मिळायचा आणि जूनमध्ये पुन्हा नेमणुकीचा, म्हणजे सुट्टीचा पगार द्यायला नको. यंदा एक जागा कायम होणार होती. ती मला मिळाली नाही, तर राहात्याची जी मंडळी आपली मुलगी मला द्यायचं म्हणत होती, ती दुसरीकडे कुठेतरी बघणार होती. तसं त्यांनी स्वच्छ सांगितलं होतं.

चेअरमननी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "उमेदवार किती?"

मी पाच म्हणालो.

"आन जागा?"

"एक."

"मग निवडनूक लागंल की वो, मास्तर. तालुक्यातल्या सोसायट्या आमी बिनविरोध काढतो, आन ह्या शिनेमावाल्यांच्यापायी गावात दोन पारट्या करायच्या व्हय?"

हे लोक उमेदवार नाहीत, त्यांना या पुरस्काराची कल्पनाही नाही, असं मी समजावून सांगितलं. त्यांना ठाऊक नाही तर मग त्यांचे फॉर्म भरले कोणी, असं त्यांनी विचारलं. आम्हीच, असं मला कबूल करावं लागलं.

"मग काढून घ्यायला बी तुमीच सांगा. चौघं बसवा, एक ठिवा. काम नीट पार पाडा, म्हंजी तीस तारकेला तुमचंबी बघू."

मी नमस्कार करून बाहेर आलो.

एक कोण ठेवायचा, यावर आमचं दुमत नव्हतं. कंपाउंडरांनी एका नव्या दिग्दर्शकाचा पहिलाच सिनेमा पाच वेळा पाहिला होता आणि त्याच्याविषयी बोलताना ते कपबशीला हातही लावत नसत. उरलेल्या चौघांना अव्वल कारकुनांनी पत्रं लिहिली. व्यापक हित लक्षात घेऊन आपण आपली उमेदवारी विनाअट मागे घ्यावी, पुढील वर्षी आपला सहानुभूतीपूर्वक विचार करण्यात येईल, असा मजकूर होता. पत्रं रजिस्टर्ड गेली, पोचपावतीसह.

मला वाटलं होतं, कोणी उत्तरच देणार नाही. पण सरकारी भाषेत लिहिलेल्या पत्राला माणूस घाबरून उत्तर देतो, हा अव्वल कारकुनांचा तीस वर्षांचा अनुभव होता. पहिल्याने ताबडतोब माघार घेतली आणि झाल्या प्रकाराबद्दल दिलगिरी व्यक्त केली. दुसऱ्याने कळवलं की, आपल्या नावाचा कोणीतरी गैरवापर केलेला दिसतो, आपण कधीही कसलाही फॉर्म भरलेला नाही. तिसऱ्याच्या चिटणीसांनी लिहिलं, साहेब शूटिंगला बाहेरगावी आहेत, तूर्त सहीचे दहा फोटो पाठवत आहोत. चौथ्याच्या मुलाचं पोस्टकार्ड आलं. वडील दीड वर्षापूर्वी वारले होते.

अव्वल कारकुनांनी चारही पत्रं फायलीला लावली. दिलगिरी म्हणजे माघार, नकार म्हणजेही माघार. फोटो पाठवणारा जाहीर पाठिंबा देत आहे, असं त्यांनी धरलं. मयताच्या बाबतीत उमेदवारी आपोआप रद्द होते, त्याला ठराव लागत नाही. शेवटी त्यांनी लाल शाईने रेघ मारली आणि उरलेलं नाव बिनविरोध म्हणून घोषित केलं. निमंत्रणपत्रिका छापायला गेल्या.

इथपर्यंत सगळं सुरळीत होतं. मग कंपाउंडरांना आनंद आवरेना. त्यांनी आम्हाला न विचारता त्या नव्या दिग्दर्शकाला चार पानी पत्र लिहिलं. त्याच्या सिनेमाची तारीफ साडेतीन पानं होती. उरलेल्या अर्ध्या पानात, आपल्यासाठी चार दिग्गजांनी माघार घेतली आहे, हे त्यांनी मोठ्या अभिमानाने कळवलं होतं.

उत्तर आठव्या दिवशी आलं. पत्र सभ्य होतं. त्या चौघांपैकी एकाच्या हाताखाली आपण सहा वर्षं काढली आहेत, त्यांना बसवून आपण उभं राहणं योग्य नाही, सबब आपणही माघार घेत आहोत. कंपाउंडरांनी ते पत्र मला वाचून दाखवलं, घडी घालून खिशात ठेवलं आणि म्हणाले, "माणूस चांगला निवडला होता आपण."

मला त्या वेळी माणसाच्या चांगुलपणाचं कौतुक करण्याइतकी फुरसत नव्हती. कार्यक्रमाला आठ दिवस होते आणि तीस एप्रिलला अकरा. मी दोघांना घेऊन चेअरमनकडे गेलो.

ते कारखान्यात ऊस टाकतात त्या गव्हाणीजवळ खुर्ची टाकून बसले होते. हंगाम संपत आला होता, शेवटच्या गाड्या रिकाम्या होत होत्या. पाचवाही बसला, हे ऐकून ते रागावले नाहीत. त्यांच्या राजकारणात असे प्रसंग येऊन गेले असावेत.

"मग गावातला घ्या," ते म्हणाले. "आपला फोटोवाला हाय की. आवंदा कारखान्याचा पिच्चर काढलाय त्यानं, उसापासून साखरंपोतूर."

फोटोवाल्याचा स्टुडिओ एसटी स्टँडसमोर होता. लग्नाचे आणि हॉल तिकिटाचे फोटो तो काढायचा. कारखान्याच्या सांगण्यावरून त्याने भाड्याचा कॅमेरा आणून हंगामभर शूटिंग केलं होतं, हे खरं होतं. पण ती फिल्म अजून मुंबईला धुवायला गेलेली होती.

कंपाउंडर म्हणाले, "साहेब, पण ते पिक्चर आमच्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही."

"मत द्यायच्या आदी उमेदवाराचं काम बघतंय का कुनी?" चेअरमननी विचारलं.

अव्वल कारकुनांनी हा मुद्दा इतिवृत्तासाठी टिपून घेतला.

चेअरमननी मग माझ्याकडे पाहिलं. कंपाउंडरही माझ्याकडेच पाहत होते. मी अव्वल कारकुनांकडून कागद घेतला आणि ठराव मांडला. त्या वेळी मनात काय आलं, तर तीस तारीख आली आणि राहात्याची मंडळी आली. सिनेमा आला नाही. कंपाउंडरांनी खिशातलं ते पत्र चाचपलं.

"अनुमोदन माझं लिहा," ते म्हणाले. "पण मानपत्र तुम्हीच लिहायचं, सर."

मी ते दोन रात्रींत लिहिलं. न पाहिलेल्या सिनेमावर लिहिणं वाटतं तितकं अवघड नसतं, मधे काही आड येत नाही. छायाप्रकाशाचा सूक्ष्म विचार, भडकपणाला दिलेला ठाम नकार, अनावश्यक काहीही न दाखवण्याचा कलावंताचा संयम, असं सगळं मी त्यात घातलं. इतकं चांगलं मी पुन्हा कधी लिहिलं नाही.

कार्यक्रम मार्केट यार्डाच्या शेडमध्ये झाला. फोटोवाल्याला वाटत होतं, आपल्याला फोटो काढायला बोलावलं आहे. कोणी त्याला नीट सांगितलंच नव्हतं. त्यामुळे तो कॅमेरा घेऊन आला, पाहुण्यांचे, चेअरमनचे आणि पहिल्या रांगेचे फोटो काढून झाले आणि मग लाउडस्पीकरवरून त्याचं नाव पुकारलं गेलं. तो गळ्यातल्या कॅमेऱ्यासकट वर आला. मी मानपत्र वाचत असताना तो इतका लक्ष देऊन ऐकत होता, की मला दोनदा नजर खाली घ्यावी लागली. खाली उतरल्यावर त्याने मला बाजूला घेऊन विचारलं, "सर, ते संयमाचं तुमी कशावरून वळखलं?" मी म्हणालो, दिसतं ते. गहिवरून त्याने माझा हात दोन्ही हातांत धरला. ढाल स्वीकारतानाचा फोटो मात्र कोणाकडेच नाही, कारण तो काढणारा माणूस ढाल स्वीकारत होता.

कंपाउंडर जेवायला थांबले नाहीत. राहात्याची एसटी चुकेल म्हणाले. तेव्हा दुपारचे दोन वाजले होते.

तीस एप्रिलला मला कार्यमुक्तीचा कागद आला नाही, कायम केल्याचा आला. राहात्याच्या मंडळींनी तो दोनदा वाचला आणि वैशाखातलीच तारीख धरली. लग्नाच्या आधल्या दिवशी फोटोवाल्याची फिल्म मुंबईहून धुऊन आली. ती पहिल्यापासून शेवटपर्यंत कोरी होती.