मलप्पा फौजीची राहिलेली मिरवणूक

मलप्पा हुडगे यांच्या पिठाच्या गिरणीत कोणतीही गोष्ट हळू आवाजात सांगता येत नाही. पट्टा सुरू झाला की माणसाला ओरडावंच लागतं. त्यामुळे या गिरणीत कुणाच्या सुनेची चुगली टिकली नाही आणि कुणाचं गुपित शिल्लक राहिलं नाही. अपवाद एकच, खुद्द मलप्पाचं.

मलप्पा फौजेतून निवृत्त होऊन आला आणि नांदेड-लातूर रस्त्यावरच्या आपल्या गावात, फाट्यापासून हाकेच्या अंतरावर त्यानं ही गिरणी टाकली. मिशी भरघोस, चाल ताठ. पिठानं पांढरा झाला की पुतळ्यासारखा दिसायचा. म्हणूनच अहमदपूरच्या टॉकीजला लढाईवरून घरी परतणाऱ्या फौजींचा सिनेमा लागला, तेव्हा बघून आलेला प्रत्येक जण डोक्यावर ज्वारीचा डबा घेऊन थेट मलप्पासमोर उभा राहू लागला. सिनेमा खरा की खोटा हे ठरवायचा अधिकार गावानं त्याला बहाल केला होता. मलप्पानं सिनेमा पाहिला नव्हता, ही बाब कुणाला अडचणीची वाटली नाही.

पहिल्या आल्या कस्तुराबाई. गावातल्या सगळ्यांची आत्या.

"मलप्पा, त्या पिच्चरमधला पयला पोरगा पाय गमावून घरी येतो," त्या पट्ट्याच्या वर आवाज काढत म्हणाल्या, "अन् त्याची माय त्याला पाणी न्हाई इचारत, चहा न्हाई इचारत. उभ्या उभ्या भाषण करती. अशी माय असती का रे?"

"पीठ बारीक का जाड?" मलप्पानं विचारलं. हे त्याचं सर्व प्रश्नांवरचं उत्तर होतं.

मग वसंतराव सर. ते म्हणाले, "मध्यंतरापर्यंत आशय आहे, नंतर अश्रूंचा अतिरेक." असं म्हणून त्यांनी डोळे पुसले. पीठ उडत होतं, हे खरं आहे.

त्यांच्या मागोमाग रामकिशन. गावात वाढदिवस असो, निवड असो की नुसता गुलाल शिल्लक असो, फ्लेक्स आणि बँड ही खाती याच्याकडं. त्याचा आक्षेप मूलभूत होता.

"तीन-तीन फौजी घरी येतात, फौजी, अन् एकाची बी मिरवणूक न्हाई. उघडी जीप न्हाई, हार न्हाई, डीजे न्हाई. चोरून आल्यावानी येतात. ह्या डायरेक्टरनं मराठवाडा बघितलेलाच न्हाई."

"अन् तो तिसरा?" कस्तुराबाई मध्येच म्हणाल्या. "त्याची बायकू ताट घिऊन ठेसनावर हुबी, अन् ह्यो मुडदा एक ठेसन आधी उतरून मागच्या दारानं घरात. वर सांगतो, गाडी लेट झाली."

एवढं बोलून त्या थांबल्या आणि मलप्पाकडं बघू लागल्या. रामकिशनही बघू लागला. मलप्पानं घाईघाईनं समोरचा डबा गिरणीत ओतला. तो सरांचा हरभऱ्याच्या डाळीचा होता आणि खाली कस्तुराबाईंची ज्वारी अजून पडत होती.

या बघण्यामागं इतिहास होता.

मलप्पा कायमचा घरी यायचा, त्या दिवशी रामकिशननं फाट्यावर मोठा फ्लेक्स लावला होता. बँड उदगीरहून मागवला होता. मलप्पाची बायको दानम्मा नवं इरकली लुगडं नेसून, माहेरच्या पितळी ताटात निरांजन लावून सगळ्यांच्या पुढं उभी. नांदेडची बस आली. बसमधून उतरले वसंतराव सर, दोन्ही हातांत भाजीच्या पिशव्या. बँडवाले परगावचे. त्यांना फौजी कोण अन् मास्तर कोण काय ठाऊक? त्यांनी पहिल्या उतरलेल्या माणसावर बँड सुरू केला, मागच्या पोरांनी नाचायला सुरुवात केली आणि मेथीच्या जुड्यांसकट सरांच्या गळ्यात हार पडला. रामकिशननं हातवारे करून थांबवायचा प्रयत्न केला. बँडवाल्यांना वाटलं, जोरात वाजवा म्हणतोय. सर मारुतीच्या पारापर्यंत गेले. पुढं कित्येक वर्षं त्यांना गावात कुणी 'सर' म्हणण्याआधी सलाम ठोकायचं.

दानम्मा घरी आली तर मलप्पा मागच्या अंगणात आंघोळ उरकून केस पुसत बसलेला.

"बस बिघडली," तो म्हणाला. "एका जीपवाल्यानं शेताच्या रस्त्यानं सोडलं."

"हाव का," दानम्मा म्हणाली.

बस! त्यावर तिनं कधी एक शब्द काढला नाही. फक्त ते पितळी ताट फडताळाच्या वरच्या फळीवर भिंतीकडं तोंड करून ठेवलं. दिवाळीच्या पाडव्याला मलप्पाला ओवाळायला स्टीलचं ताट येऊ लागलं. दरवर्षी तो पाटावर बसून त्या स्टीलकडं बघायचा आणि मग वर फळीकडं. पितळी ताट खाली आण, असं म्हणायची त्याची छाती नव्हती. आणि आता तो सिनेमा त्याचं सगळं बिंग पडद्यावर मांडून बसला होता. दानम्मानं तो पाहिला की स्टीलचं ताटही जाईल, याबद्दल मलप्पाला शंका उरली नाही.

"टॉकीजमध्ये लई ढेकणं झालेत म्हणं," त्यानं जेवताना सहज सांगून पाहिलं.

"मिलिट्रीत काय गाद्या होत्या का?" दानम्मा म्हणाली.

"रडका पिच्चर हाय."

"मग तर बघायलाच पायजे. घरात रडायला येळ कुठं मिळतो."

शेवटी रामकिशननंच घात केला. टॉकीजवाल्याशी बोलून त्यानं रविवारच्या दुपारच्या खेळाला माजी सैनिकांचा सत्कार ठरवला, जोडीनं. जोडी एकच होती. गाव मात्र दोन टेम्पो भरून निघालं. सिनेमा बहुतेकांचा बघून झाला होता; आता त्यांना मलप्पाला सिनेमा बघताना बघायचं होतं.

दिवे मालवले. पडद्यावर बर्फाचे डोंगर आले, तोफा धडधडल्या, पोरांनी शिट्ट्या मारल्या. मलप्पा पुढं सरकून पडद्याचा कोपरान् कोपरा शोधू लागला.

"काय हुडकताव?" दानम्मानं विचारलं.

"खेचर."

"काय?"

"एवढ्या वर हे गोळे कुणी न्हेले मग? एक बी खेचर दिसंना."

मागून कस्तुराबाईंनी "गप बसा" म्हणून दोघांनाही दटावलं.

मग तो तिसरा फौजी आला. एक स्टेशन आधी उतरला. शेतातून निघाला. टॉकीजमध्ये कुजबूज सुरू झाली, मागच्या रांगेतून कुणीतरी "फौजी, रस्ता वळखीचा हाय का?" असं विचारलं आणि अख्खी टॉकीज हसली. मलप्पा खुर्चीत इतका खाली घसरला की नुसती मिशी वर राहिली. दानम्मा पडद्यावरून नजर हलवत नव्हती.

पडद्यावरच्या बायकोनं शेवटी नवऱ्याला विचारलंच, का असा आलास म्हणून. नायकानं खिडकीबाहेर बघत लांबलचक सांगितलं: डोळे मिटले की मित्रांचे चेहरे दिसतात, गर्दीत श्वास कोंडतो, टाळ्यांचा आवाज गोळ्यांसारखा वाटतो. बायकोनं त्याला जवळ घेतलं. टॉकीजमध्ये पदर डोळ्यांना लागले. वसंतराव सर तर उघड हुंदके देत होते.

त्या हुंदक्यांच्या आडोशानं दानम्मानं हळूच विचारलं, "तुमचं बी असंच हुतं का ओ?"

मलप्पाला सुटकेचा दरवाजा सताड उघडा दिसला. नुसतं 'हाव' म्हणायचं होतं. पितळी ताट आजच खाली आलं असतं, वर साजूक तुपातला शिरा. त्यानं मिशीवरून हात फिरवला.

"न्हाई," तो म्हणाला. "मला टँकाची लाज वाटली."

"कशाची?"

"रामकिशननं बसमध्येच मला फोनवर त्या फ्लेक्सचा फोटो पाठवला. टँकावर हुबा कुणीतरी पैलवान, त्याच्या धडावर माझं मुंडकं. दोन्ही हातांत बंदुका. म्हणला, कसा हाय? अगं, मी टँकात कधी बसलो न्हाई. सगळी नोकरी खेचरं हाकली. माझ्या बिजली खेचरीला जरी तो फ्लेक्स दाखवला असता तरी ती हसली असती."

दानम्माला आधी नुसती धाप लागली. मग तिनं पदर तोंडात कोंबला. तो पुरला नाही. टॉकीजच्या सगळ्यात दुःखी जागेवर, नायक ढसाढसा रडत असताना, ती खदखदून हसली. सगळ्या माना वळल्या. "काय बाई ही," कस्तुराबाई म्हणाल्या, "काळीज हाय का न्हाई हिला?"

हसू ओसरल्यावर मलप्पा पडद्याकडंच बघत म्हणाला, "कारगिलला वर जाताना खेचरांवर गोळे न्हेलो, दाने. खाली येताना त्याच खेचरांवर पोरं आणली. ती काय बोलत नव्हती. फ्लेक्स लावायचाच तर त्या पोरांचा लावायचा. मी कुणाच्या तोंडानं जीपमध्ये बसू?"

यावर दानम्मा हसली नाही. पदर खांद्यावर सारून म्हणाली, "मग तवाच का न्हाई सांगितलाव?"

"तू 'हाव का' म्हणलीस. त्याच्या म्होरं काय बोलणार माणूस?"

खेळ सुटल्यावर सत्कार झाला. रामकिशननं माइक पुढं केला आणि ज्या प्रतिक्रियेसाठी गाव दोन टेम्पो भरून आलं होतं, ती विचारली. मलप्पा म्हणाला, "पिच्चर चांगला हाय. एक खेचर पायजे हुतं." आणि खाली उतरला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, पण अंदाजानं. सर म्हणाले, "प्रतीक आहे हे."

घराशी आल्यावर मलप्पा सवयीनं मागच्या अंगणाकडं वळला.

"तिकडं कुठं जाताव? म्होरंच थांबा," दानम्मा म्हणाली आणि आत गेली. मागच्या दाराची कडी लागल्याचा आवाज आला. मग स्टूल ओढल्याचा. मग चिंच लावून काहीतरी खसाखसा घासल्याचा. मलप्पा पुढच्या उंबऱ्याबाहेर सावधान उभा राहिला. रस्त्यावरून जाणाऱ्या रामकिशननं विचारलं, "घरात घेईनात का, फौजी?" मलप्पानं त्याला हातानंच पुढं जायला सांगितलं. तो अर्थातच थांबला.

दानम्मा बाहेर आली. नेसूला त्या दिवशीचंच इरकली लुगडं, हातात ताट. पितळेचं. घाईत घासल्यामुळं एका कडेला काळं राहिलं होतं. तिनं कुंकू लावलं, ओवाळलं. ताटात काही टाकायचं म्हणून मलप्पानं खिसे चाचपले. सापडली ती सिनेमाच्या तिकिटांची फाटकी अर्धुकं. तीच त्यानं निरांजनाशेजारी ठेवली.

"बँडवाल्याला फोन लावू का?" रामकिशननं कुंपणापलीकडून विचारलं.

"नको," दानम्मा म्हणाली. "अन् लावलाच फ्लेक्स, तर खेचराचा लाव."