बाणाचं घड्याळ

आमच्या आबांच्या घड्याळाच्या पाठीवर एक बाण कोरलेला होता. गव्हाच्या दाण्याएवढा, टोक वर केलेला, आणि त्याच्याखाली काही आकडे. आई म्हणायची, हा रामाचा बाण. खंडेनवमीला विळा, कुऱ्हाड, नांगराचा फाळ पुजायला मांडला की त्यांच्या शेजारी ती घड्याळ पालथं ठेवायची आणि बाणाला कुंकू लावायची. खाचेत कुंकू जाऊन जाऊन तो बाण कायमचा लाल झाला होता.

आबा इंग्रज सरकारच्या लष्करी डेपोत हमाल. लढाईच्या दिवसांत लागले आणि लढाई संपल्यावरही काही काळ तिथंच होते. घड्याळ घरी आणलं तेव्हा एवढंच म्हणाले, "विलायती हाय, स्विस. जपून ठेवा." कुठून आणलं, हे बापाला विचारायची तेव्हा पद्धत नव्हती. ते गेल्यावर, थोरला म्हणून, ते माझ्या मनगटावर आलं. मी पिंपरीला नव्या कारखान्यात लागलो होतो. चाकणकडच्या आमच्या गावात मास्तर सोडले तर मनगटी घड्याळ माझंच. माझी शाळा अर्धी चौथी, इंग्रजी अक्षर एक ओळखू येत नव्हतं, पण कुणी वेळ विचारली की बाही जरा जास्तच वर सरकवायचो.

सासरे तळेगावकडचे, पलटणीतून पेन्शनीत आलेले. मेव्हण्याच्या साखरपुड्याला जेवणाची पंगत बसली होती. त्यांनी वाढता वाढता विचारलं, "पाव्हणं, किती वाजले तुमच्या स्विसमधी?"

मी सांगितलं.

"स्विस म्हंजी कुठली? मुंबईची का पुण्याची?"

पंगत हसली. पलीकडून कुणीतरी म्हणालं, "तबकडी खरी असंल वो, आतून मुंग्या ढकलत असत्याल."

सासरे म्हणाले, "कुणीतरी गळ्यात मारलं असंल बिचाऱ्याच्या. हमालाला काय कळतंय त्यातलं."

आबा हमाल होते, त्याचा मला राग नाही. पण त्यांना कुणीही फसवावं, एवढे ते बावळट नव्हते. मी पान अर्धं टाकून उठलो. "मामा, ह्या रविवारी पिंपरीला या. तुमच्या म्होरं उघडतो. नकली निघालं तर पुन्हा हातात घालायचं न्हाई, बोललो."

परतताना बैलगाडीत आमची मंडळी, म्हणजे बायको, म्हणाली, "चालतंय न्हवं ते? मग कशाला पोट फाडायचं त्याचं?" मी ऐकणारा नव्हतो. उलट रविवारी निघताना पारावर सगळ्यांना सांगून निघालो.

पिंपरीच्या निर्वासित कॅम्पात एका सिंधी घड्याळजीची लाकडी टपरी होती. सासरे तिथं आधीच येऊन उभे होते. त्यानं डोळ्याला भिंग लावलं आणि घड्याळ पालथं केलं.

"ये लाल क्या है?"

"कुंकू," मी म्हणालो.

ब्रशनं त्यानं खाच साफ केली. इतक्या वर्षांचं कुंकू त्याच्या फडक्यावर सांडलं आणि बाण उघडा पडला. मग झाकण काढून तो बराच वेळ आत बघत राहिला.

"असली आहे भाऊ. नकलीमध्ये तबकडी एका कंपनीची, मशीन दुसऱ्याची. हे दोन्ही एकच. मशीनवर पण स्विस लिहिलंय."

माझी छाती फुगली. "मामा, ऐकलंत का? शेठ, जरा मोठ्यानं सांगा."

शेठनी मोठ्यानं सांगितलं नाही. झाकण बसवलं आणि हळूच विचारलं, "पिताजी फौज में थे? अफसर?"

"न्हाई. डेपोत हमाल."

"अच्छा," म्हणाला, आणि दुसरं घड्याळ हातात घेतलं.

सासऱ्यांनी आबांचं घड्याळ उचललं. बाणावरून अंगठा फिरवला. मला वाटलं, आता माफी मागतील. ते म्हणाले, "बाहीर चला."

रस्त्याच्या कडेला उभं राहून त्यांनी तंबाखू काढली, पण मळली नाही. "पाव्हणं, ह्यो रामाचा बाण न्हाई. सरकारी छाप हाय. माझ्या घोंगडीवर हुता, थाळीवर हुता, तंबूवर हुता. पलटणीचं घड्याळ हाय हे. तसली मालमत्ता कुणा एकाची नसती."

मला कळायला थोडा वेळ लागला. कळलं तेव्हा कान तापले. घड्याळ खोटं असतं तर किती बरं झालं असतं.

"गावात काय सांगनार?" त्यांनी विचारलं. "नकली निघालं म्हना. मीबी तेच म्हनतो. भोळा हुता, फसला म्हनत्याल, चार दिस हसत्याल. चोर तर म्हननार न्हाईत."

ज्यानं चारचौघांत हसं केलं, त्यानंच अब्रू झाकली. ते उपकार मला गिळवत नव्हते, पण गिळले.

पारावर गावकरी वाट बघतच होते. मी सांगितलं, नकली.

"मुंग्या निघाल्या का रं?" ती थट्टा गावात आधीच पोचली होती. सगळे हसले. मीही हसलो. माझ्या बापाला मी त्यांच्याबरोबर हसलो.

घरी आई सुपात तांदूळ निवडत होती. माझं ऐकून तिनं सूप खाली ठेवलं. "नकली कसं असंल? तुझ्या आबांनी त्याच्यापायी..."

"गप बस आई!" मी एवढ्यानं ओरडलो की मंडळी चुलीपासून उठून आली. "पुन्यांदा त्या घड्याळाचं नाव काढू नको." ती काय सांगणार, याची मला भीती वाटली. आईनं माझ्याकडे बघितलं आणि सूप परत उचललं.

पुढे कारखान्यात एकजण चहा पिताना सहज बोलला, की लढाईनंतर डेपोतलं सामान लिलावात निघायचं. त्याच्या चुलत्यानं तंबू घेतला होता, रीतसर, पावतीनं, आणि त्याच्यावर असाच बाण होता. चहा माझ्या हातात तसाच निवला. आबांनी लिलावात घेतलं असेल. नसेलही. आई तेव्हा हयात होती, तिला विचारलं की झालं. पण विचारायचं म्हणजे, मी आबांना काय समजून बसलो होतो, ते तिच्यापुढं उघडं करायचं.

त्या खंडेनवमीला गावी गेलो. आईनं घड्याळ नेहमीसारखं पालथं मांडलं होतं. ती म्हणाली, "घाल की हातात. सणाचं."

"नकली हाय न्हवं ते," मी म्हणालो.

"व्हय," ती म्हणाली, आणि बोट कुंकवात बुडवून बाणावर टेकवलं.