मूळची उंची

नव्या बुटांना एक वास असतो. रेक्झिनचा, उग्र गोंदाचा आणि खोक्यातल्या पातळ, कुरकुरीत कागदाचा मिळून झालेला. ऑक्टोबरच्या त्या दुपारी, खिडक्या सताड उघड्या असूनही हवा तसूभर हलत नसताना, कल्याणच्या आमच्या घरात तो वास असा काही भरून राहिला की स्वयंपाकघरातून आईने विचारलं, "सुजाता, शेजारी रंग लावतायत का गं?"

रंग कुणी लावत नव्हतं. चाळिशी ओलांडलेली मी पलंगाच्या कडेवर बसून आयुष्यातले पहिले उंच टाचांचे बूट मांडीवर घेऊन पाहत होते. काळे, तुकतुकीत, पुढे चोचीसारखे निमुळते होत गेलेले आणि मागे पेन्सिलीएवढ्या टाचेवर तोललेले. कुणाच्या तरी नाजूक स्वभावासारखी ती टाच होती. तिच्यावर भार टाकायचा धीरच होईना.

उंची आमच्या घरात वडिलांकडून आली. ते कल्याणजवळ मोहने गावातल्या कारखान्यात होते आणि आमच्या बैठ्या घराच्या चौकटीखालून रोज जाता-येता मान झुकवून त्यांना एक कायमची नम्रता जडली होती. ही उंची त्यांनी माझ्या भावाला न देता मला दिली, आणि आईच्या काळजीला निमित्त मिळालं. मी शाळेत शेवटच्या बाकावर, विहारातल्या कार्यक्रमांत शेवटच्या रांगेत, समूहचित्रात कडेला. "वाकू नकोस, पण जरा सैल उभी राहा," असं आई सांगायची, आणि त्या सैलपणाची सवय पुढे पाठीच्या कण्यानेच उचलली. मला पाहायला मंडळी येत तेव्हा आई मला आधीच बसवून ठेवी. ती येत तेव्हा मी बसलेली, जात तेव्हाही बसलेली. अखेर एका स्थळाच्या मामांनी हळू आवाजात "मुलीच्या पायाला काही आहे का?" असं विचारलं आणि आईला मला उठवणं भाग पडलं. मी उठत गेले, मामांची मान वर वर होत गेली, आणि मी पूर्ण उभी राहण्याआधीच ते स्थळ मोडलं होतं.

मिलिंद मात्र निराळा निघाला. तो माझ्याहून चार बोटं बुटका आहे आणि त्याला त्याचं कधी काही वाटलं नाही. पहिल्या भेटीत त्याने एवढंच विचारलं होतं, "माळ्यावरचे डबे काढायला तुम्हाला स्टूल लागतं?" मी नाही म्हटलं. "मग बरं झालं," तो म्हणाला, आणि आमचं लग्न झालं.

तर अशा, जन्मभर खाली ओढून धरलेल्या बाईला उंच टाचा घ्यायची वेळ आली ती ऑफिसमुळे. ठाण्याच्या वागळे इस्टेटमधली आमची कंपनी मसाल्यांची पाकिटं भरून बंद करणारी यंत्रं बनवते. चाचणीच्या दिवशी तिखटाचा असा धुरळा उडतो की साऱ्या इमारतीतून शिंकांची एक लहर खालून वर जाते. यंत्राची जुळणी आणि ते गिऱ्हाइकाकडे बसवून देणं हे माझं काम. गेली कित्येक वर्षं मी ते बिनटाचेच्या बुटांत करत आले होते. मग लुधियानाहून एक मोठं गिऱ्हाईक यायचं ठरलं आणि आमचे संचालक दळवी साहेब अस्वस्थ झाले. दळवी साहेब म्हणजे मृदू बोलण्याचे, चणीने लहान, कपड्यांची घडी कधी न मोडणारे गृहस्थ. त्यांनी आमच्यावर संस्कार करायला एक प्रशिक्षिका बोलावली. पुरुषांनी पट्टा आणि बूट एकाच रंगाचे वापरावेत, एवढ्यावर तिने पुरुषांना सोडलं. आमच्याकडे वळून ती म्हणाली की हील्समुळे स्त्रीच्या व्यक्तिमत्त्वाला अधिकार येतो. अधिकार टाचेकडून वर चढतो हे मला नवं होतं. दुसऱ्या दिवशी ऑफिसच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर साहेबांचा संदेश आला: पाहुण्यांसमोर महिला सहकाऱ्यांकडून फॉर्मल हील्स अपेक्षित आहेत.

'अपेक्षित' हा शब्द मोठा सभ्य. तो हुकूम सोडत नाही, आवाज चढवत नाही. दारात उभा राहून नुसता पायांकडे बघत राहतो. हुकमाला निदान नाही म्हणता येतं. अपेक्षेला नाही म्हणायला गेलं की समोरचा दुखावल्यासारखा चेहरा करून म्हणतो, मी कुठे काय म्हटलं?

आमच्या मार्केटिंगमधल्या श्रद्धाला या संदेशाने काहीच झालं नाही. डोंबिवलीची ही चिमुकली, चुणचुणीत मुलगी कॉलेजपासून हील्समध्येच वावरते, त्यांत धावते, जिने उतरते. "ताई, माझ्यासाठी तो जिनाच आहे," ती मला म्हणाली. "समोरच्याच्या डोळ्यांत बघून बोलायचं तर मला दोन पायऱ्या चढायला लागतात. तुम्ही आधीच गच्चीवर आहात, तुम्हाला नाही कळायचं." आणि तिनेच मला चालायला शिकवलं. जेवणाच्या सुट्टीत ऑफिसच्या बोळात ती मागे मागे सरकत पुढून हात धरायची आणि मी नुकत्या उभ्या राहिलेल्या वासरासारखी तिच्या दिशेने निघायचे.

घरी तिची जागा मिलिंदने घेतली. संध्याकाळी दिवाणखान्यातून गॅलरीपर्यंत आमची मिरवणूक निघे. मी पुढे टकटकत, तो कोपर धरून. दोन-तीन दिवसांनी खालच्या मजल्यावरच्या परांजपे काकू वर आल्या आणि अत्यंत शुद्ध भाषेत त्यांनी विचारलं, "आपल्याकडे सुतारकाम आणखी किती दिवस चालायचं आहे?" आई सोफ्यावर लसूण सोलत बसली होती. माझ्याकडे न बघता ती म्हणाली, "काय सांगू काकू. मी हिला इतकी वर्षं खाली आणायला बघितलं, आता आमचे जावई हिला वर चढवायला निघालेत."

पाहुणे यायच्या दिवशी सकाळी मी कंपनीच्या बसमध्ये चढले. शीळफाट्याला नेहमीप्रमाणे सारी वाहनं एकमेकांकडे बघत उभी होती. पावलांना तेवढीच विश्रांती म्हणून मी बूट काढून ठेवले, आणि नेमकी तेव्हाच बस हिसका देऊन सुटली. उजवा बूट घरंगळत थेट ड्रायव्हरच्या आसनामागे जाऊन थांबला. मग तो परत आला, एका हातातून दुसऱ्या हातात, अदबीने, पादुका फिरवाव्यात तसा, आणि स्टोअरमधल्या म्हाताऱ्या भोईर काकांनी तो माझ्या ओंजळीत ठेवताना विचारलं, "पोरी, हा घालून चालतेस का याच्यावर उभी राहून काय काढतेस?"

लुधियानाचे पाहुणे दोघे सख्खे भाऊ होते. गाडीतून ते घडी उलगडत जावी तसे उतरले आणि उतरल्यावरही उलगडत राहिले. मी स्वागताला पुढे झाले आणि ध्यानात आलं की मला या दोघांकडे खाली बघावं लागत नाही. थोरल्या भावाशी मी डोळ्याला डोळा देऊन बोलत होते. त्या टाचांवर सैल उभं राहताच येत नाही. किंचित वाकलं तरी तोल जातो. त्यामुळे केवळ पडण्याच्या भीतीने मी ताठ उभी होते. खांदे मागे गेलेले, मान मोकळी, आणि श्वास छातीत कुठेतरी खोलवर, पूर्वी कधी न गेलेल्या जागी जाऊन परत येत होता. पाय ठणकत होते, पण मला फार बरं वाटत होतं.

मग फोटो निघाला. मधोमध दळवी साहेब, एका बाजूला दोघे भाऊ, दुसऱ्या बाजूला मी. दुपारपर्यंत तो ग्रुपवर आला. डोंगररांगेत खिंड असावी तसे साहेब त्यात दिसत होते. कुणीही त्यावर अक्षर लिहिलं नाही. सगळ्यांनी नुसते नमस्काराचे हात टाकले.

संध्याकाळी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. बराच वेळ ते टेबलावरचा पेपरवेट फिरवत होते.

"उद्या मशीनचा डेमो आहे," ते म्हणाले. "उद्या जरा... चपटं काहीतरी घाला. तुम्हाला काय, मुळातच उंची आहे."

"पण साहेब, हील्स अपेक्षित आहेत असं तुम्हीच कळवलं होतं."

"ते सरसकट सगळ्यांसाठी नव्हतं."

"मग कुणासाठी होतं?"

साहेबांनी पेपरवेट थांबवला. "म्हणजे श्रद्धासारख्या ज्या आहेत, त्यांच्यासाठी. तुम्हाला अवघड वाटत असेल तर डेमो निखिलला करू दे. बघू."

माझ्या हाताखालच्या निखिलला यंत्र चालू करता येतं. ते अडलं तर काय करायचं, हे मात्र त्याला फोनवरून मीच सांगते. तरीही ते 'बघू' मला हलकं घेता येईना, कारण डेमो ज्याचा, लुधियानाचं काम त्याचं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. बाहेर आल्यावर श्रद्धाला सारं सांगितलं. तिने आपल्या पायांकडे पाहिलं.

"म्हणजे मी वर यायचं आणि तुम्ही खाली. सगळ्या बायका साहेबांच्या खांद्याला येऊन थांबल्या पाहिजेत," ती म्हणाली. "इतकी वर्षं मी माझ्या मर्जीने घालत होते, ताई. आता कुणीतरी ते माझ्याकडून काढून घेतल्यासारखं वाटतंय."

घरी मी सोफ्यावर पाय वर घेऊन बसले. आई कोमट मिठाचं पाणी घेऊन आली आणि पाटावर बसून माझी पावलं तिने त्यात सोडली. सगळी हकिकत ऐकून ती काही बोलेल असं मला वाटलं नव्हतं. तिच्या मनासारखंच तर झालं होतं. पण पाणी ढवळता ढवळता ती म्हणाली, "परवा तू त्या गॅलरीत उभी होतीस ना, पाठमोरी, मला एकदम तुझे बाबाच वाटले. दार नसलेल्या जागी ते तसे उभे राहायचे." मग उठत, गुडघ्यावर हात टेकून, "पाय दुखत असतील तर नको घालूस. दुसऱ्या कशासाठी काढू नकोस," एवढं सांगून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी मी बूट घालून गेले. श्रद्धा साध्या चपलांत आली होती आणि मला पहिल्यांदाच तिच्या भांगाची रेघ दिसली. आम्ही ठरवून केलं नव्हतं. साहेबांनी आधी तिच्या पायांकडे पाहिलं, मग माझ्या, आणि मग निखिलकडे बघून ते काही बोलणार तोच थोरल्या भावाने घड्याळ पाहत विचारलं, "मॅडम ही दिखाएँगी ना?" साहेब म्हणाले, "जी, बिलकुल."

पाहुण्यांना यंत्र काचेआडून बघायचं नव्हतं, जवळ उभं राहून बघायचं होतं. खालच्या कारखान्यात सुरक्षेच्या बुटांशिवाय कुणालाच जाता येत नाही. दोघे भाऊ स्वतःच कारखानदार, ते सकाळपासून तेच बूट घालून हिंडत होते. ते निखिलबरोबर पुढे गेले. दारापाशी, जिथे बुटांची मांडणी आणि एक लांब लाकडी बाक आहे, तिथे आम्ही दोघंच मागे राहिलो. मी आणि दळवी साहेब. साहेब सहसा खाली उतरत नाहीत. गिऱ्हाइकं आली की ते वरच्या काचेतूनच यंत्र दाखवतात, याचं मला आजवर कधी नवल वाटलं नव्हतं.

मी माझे बूट काढले. साहेब थोडा वेळ उभेच राहिले, मग बसले आणि लेस सोडू लागले. त्यांनी पहिला बूट काढला तेव्हा आतून एक जाड, उतरती पाचर निसटून फरशीवर पडली. ती बोटभर तरी उंच होती. त्यांनी ती चटकन उचलून पुन्हा बुटात सारली. मी मांडणीकडे बघत असल्यासारखं केलं, पण ते नीट जमलं नसावं. आमची चार पावलं त्या फरशीवर शेजारी शेजारी होती, आणि माझ्यासारखीच त्यांच्याही दोन्ही टाचांवर, मोज्यावरून कळेल अशी, चिकटपट्टी होती.

"तुमचे नवे आहेत?" त्यांनी समोर बघत विचारलं.

"हो. आठवडाच झाला."

"सवय होते म्हणतात," ते म्हणाले. "माझे तर लग्नापासूनचे आहेत."

आतून निखिलची हाक आली. आम्ही ते जड, काळे, एकसारखे बूट चढवले आणि उभे राहिलो. साहेब माझ्या कल्पनेपेक्षा बरेच लहान होते. माझे खांदे जुन्या सवयीने आपसूक पुढे झुकायला लागले; त्यांना बरं वाटावं म्हणून, की नुसतेच, ठाऊक नाही. मी ते थांबवले. साहेबांनी वर पाहिलं आणि हाताने मला पुढे व्हायला सांगितलं.

डेमो चांगला झाला. मध्ये एकदा पाकिटाची शिवण सुटली, थोरल्या भावाच्या तोंडावर हळद उडाली, आणि तो हसत असतानाच मी यंत्र रुळावर आणलं. लुधियानाची ऑर्डर आली, ते काम माझ्याकडे आलं. ग्रुपवरचा तो संदेश कुणी मागे घेतला नाही, पण त्याबद्दल पुन्हा कुणी बोललंही नाही. श्रद्धा महिनाभर चपलांत हिंडून, मग आपल्या मर्जीने, पुन्हा आपल्या जिन्यावर चढली. बाकावरची गोष्ट मी तिला सांगितली नाही. सांगितली असती तर ती फार हसली असती, आणि मलाही हसू आलं असतं.

त्या दिवशी डेमो संपल्यावर आम्ही पुन्हा त्याच बाकावर आलो होतो. साहेबांनी सावकाश आपले बूट चढवले, लेस घट्ट बांधली, आणि उभे राहिले ते पुन्हा रोजचे दळवी साहेब होऊन. मनात इतकी वर्षं मी त्यांना नियमाच्या पलीकडच्या बाजूला उभं केलं होतं. जिथली माणसं नियम फक्त करतात, त्यांना तो कुणी सांगत नाही. त्यांना उंच दिसायला कुणी सांगितलं असेल? कुणाच्या मामांनी, कुठल्या दिवाणखान्यात, मान खाली खाली नेत काय विचारलं असेल? ते वर निघून गेले. जिन्यावरची त्यांची पावलं हलकी, जपून पडणारी होती. मी हातात ते चोचीचे बूट घेऊन बसून राहिले. कारखान्याच्या हवेत हळदीचा वास होता, फरशी गार होती, आणि मला अजून कुठे जायची घाई नव्हती.